मेस्त्री, कुसवाची जागा कुसवालाच

नमस्कार मेस्त्री,

बॅटरीवरच्या बिस्किट जॉइंटरवर (दोन फळ्यांत समोरासमोर खाचा पाडायचं यंत्र; त्या खाचांत गोंद लावून 'बिस्किट' बसवलं की फळ्या जोडल्या जातात) मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बिस्किट म्हणजे लाकडाची चकती, तिच्यात ताकद नाही, कोकणच्या पावसात ती फुगून सांध्याची वाट लावते, वाडवडिलांनी कुसू (एका लाकडाचं कोरलेलं टोक, दुसऱ्याच्या भोकात बसणारं) ठोकून केलेली दारं अजून उभी आहेत, आणि असलं लिहून मी तुमच्या मुलाच्या डोक्यात नको त्या खर्चाचं खूळ भरलं.

पहिल्या मुद्द्यात चूक माझी आहे. 'बिस्किटाने फळीला फळीचा सांधा दुप्पट मजबूत होतो' असं मी लिहिलं होतं. ते वाक्य आज काढून टाकलं. रंधा नीट मारून, कडेला कड लावून, गोंदाने चिकटवलेल्या दोन फळ्या तशाही लाकडाइतक्याच पक्क्या बसतात. तिथे बिस्किटाचं काम वेगळं असतं. क्लँप आवळायला लागलं की ओल्या गोंदावर फळ्या सरकतात, एक वर येते, दुसरी खाली जाते. हे सरकणं बिस्किट थांबवतं. फणसाच्या पाच फळ्या जोडून सहा फुटी टेबल एकट्याने केलेल्या माणसाला या कामाची किंमत कळते.

कुसू सोडून बिस्किट घ्या, असं मात्र मी कुठेच म्हटलेलं नाही. मुळात ही जोडणी आली तीही कुसवाची जागा घ्यायला नाही. स्वित्झर्लंडमधल्या लिस्टाल गावचा सुतार हेर्मान श्टाइनर १९५० च्या दशकाच्या मध्यात नवा आलेला चिपबोर्ड (लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली फळी) कसा जोडायचा, या विवंचनेत होता. चिपबोर्डाला रेषाच नसतात. त्यातून कुसू काढायला गेलात तर हाती भुगा येईल. त्यावर त्याने लाकडी चकतीचा तोडगा काढला, १९५६ मध्ये एका जागी बसवलेलं यंत्र केलं, आणि १९६८ मध्ये हातात धरून चालवायचं. म्हणजे हे बोर्डाच्या पेटीकामासाठी जन्मलेलं साधन आहे. आज आपल्याकडे प्लायची कपाटं आणि ओट्याखालचे कप्पे एवढे होतात, तिथे ते आपल्या जागी आहे.

खुर्चीचा पाय, दाराची चौकट, झोपाळ्याची कडी जिथे अडकते तो आडवा दांडा, इथे मी बिस्किट कधी घालणार नाही. ताकदीचं सोडा, ते मावतही नाही. वीस नंबरचं बिस्किट ५६ मिलिमीटर लांब. यंत्राची १०० मिलिमीटरची गोल पात त्याच्यासाठी जी खाच पाडते ती वर साधारण ६५ मिलिमीटर उघडते. दोन इंची पट्टीच्या टोकाला ती पाडली तर दोन्ही बाजूंनी बाहेर दिसेल.

आता पाऊस. तुमची हरकत इथे सगळ्यात वजनदार आहे, आणि मूळ लेखात मी हा विषय दोन ओळींत उरकला होता.

बिस्किट बीच लाकडाचं, दाबून पातळ केलेलं. पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद लागला की ते फुगतं आणि खाचेत घट्ट बसतं. फुगणं हाच त्याचा गुण. पण आपल्याकडे जुलैत हवाच एवढी ओली असते की ते गोंद लागायच्या आधीच फुगतं. एका पावसाळ्यात माझं पाकीट पडवीत आठवडाभर उघडं राहिलं. नंतर एकही बिस्किट खाचेत जाईना. हातोडीने ठोकून बसवायला गेलो तर फळीची कड उकलली. तेव्हापासून कुरडया-पापड ठेवतो तसल्या घट्ट फिरकीच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो आणि लागतील तेवढीच काढतो. बिस्किट बोटाच्या दाबाने खाचेत गेलं पाहिजे. जात नसेल तर ते वापरायचं नाही.

याहून फसवा प्रकार पृष्ठभागाचा. बिस्किट गोंदातलं पाणी पितं तेव्हा त्याच्यावरचं लाकूडही थोडं वर येतं. त्याच दिवशी सँडर फिरवला तर तो उंचवटा घासला जातो. पुढे ओल उतरली की तिथे बिस्किटाच्या आकाराचा खळगा पडतो, आणि पॉलिश चढल्यावर तिरप्या उजेडात तो लख्ख दिसतो. म्हणून पावसाळ्यात जोडलेल्या फळ्या मी आठवडाभर तरी हात न लावता ठेवतो, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशा उभ्या. चतुर्थीच्या आधी देव्हारा हवा म्हणून गिऱ्हाईक दारात उभं असतं, तरी थांबतो. खाचही वरच्या बाजूला फार जवळ घेत नाही.

आणि पावसात दार फुगतं ते बिस्किटामुळे नाही, मेस्त्री. फळी रुंदीत हलते. कुसू असो, बिस्किट असो की खिळा. तिला हलायला जागा ठेवणं सुताराच्या हातात आहे आणि हे तुम्ही मला शिकवावं इतकं तुम्हाला ठाऊक आहे.

बॅटरीचंच का? कारण आपलं निम्मं काम लोकांच्या घरात जाऊन करायचं असतं, आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. निसर्ग वादळानंतर २०२० च्या जूनमध्ये उत्तर कोकणातली कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. पण बॅटरीची उणीवही सांगतो. मकिता कंपनीचं १८ व्होल्टचं यंत्र मिनिटाला ६,५०० फेरे फिरतं, त्यांचंच वायरवालं ११,०००. साग, ऐन अशा लाकडात बॅटरीवालं ढकलायचं नाही, हळू आत न्यायचं. घाई केली की पात थरथरते, खाच सैल होते, आणि सैल खाचेतलं बिस्किट फळ्या सरळ धरू शकत नाही. रोजचं काम एकाच शेडमध्ये असेल तर वायरवालंच घ्यावं.

मुलाच्या मागणीबद्दल माझं मत विचाराल तर त्याच्या हातात सध्या काम कुठलं आहे, यावर ते ठरेल. दारं-खिडक्या, खुर्च्या करत असेल तर पैसे राखा. चांगल्या दोन पटाश्या आणि तुमचा हात त्याला पुरेल. प्लायची कपाटं, टेबलांचे फळे करत असेल तर मागणी रास्त आहे. मात्र खर्चाचा मोठा भाग बॅटऱ्या आणि चार्जरचा असतो. त्याच्याकडे बॅटरीवरचं ड्रिल आधीच असेल तर त्याच कंपनीचं, त्याच बॅटरीवर चालणारं नुसतं यंत्र मिळतं का, ते आधी बघा. ड्रिल कुठलं आणि किती व्होल्टचं आहे, तेवढं इथेच खाली लिहा.