ईव्हीमुळे ग्रिड बसणार म्हणणाऱ्या मेसेजमधलं गणित

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. 1 कोटी इलेक्ट्रिक गाड्या 7 किलोवॅटच्या चार्जरला लावल्या तर 70 हजार मेगावॅट लागतील, ग्रिड (म्हणजे वीजपुरवठ्याचं सगळं जाळं) बसणार. कॅलिफोर्नियाने म्हणे चार्जिंगवर बंदीच घातली. आणि घरोघरी चार्जर आले की ट्रान्सफॉर्मर जळणार. चांगली शिकलेली माणसं हे पुढे पाठवतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

70 हजारचा गुणाकार बरोबर आहे, पण त्यासाठी सगळ्याच्या सगळ्या गाड्या एकाच वेळी फुल लोडवर चार्ज होत असायला हव्यात आणि तसं कधीच होत नाही. गाडी दिवसाला 40 किमी चालली आणि 100 किमीला 15 युनिट लागले असं धरा, मग रोजचे झाले 6 युनिट, जे 7 किलोवॅटवर तासाभराच्या आत भरतात, उरलेले 23 तास ती गाडी ग्रिडकडे काही मागतच नाही. 1 कोटी गाड्यांचे 6 कोटी युनिट रात्रीच्या 8 तासांत पसरवले तर लोड येतो 7,500 मेगावॅट. हाही आकडा छोटा नाही, त्याची तयारी करावीच लागेल, पण मेसेजवाल्याने तो नऊपटीहून जास्त फुगवलाय! गिझरचं बघा ना, सगळ्या घरांतले गिझर एकाच क्षणी चालू असतील असं धरून कोणी ग्रिड बांधत नाही. आणि नॉर्वेत 2024 मधे विकल्या गेलेल्या दर 10 नव्या गाड्यांपैकी जवळपास 9 इलेक्ट्रिक होत्या, तिथली ग्रिड काही बसली नाही.

कॅलिफोर्नियात बंदी नव्हतीच. 2022 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या उष्णतेच्या लाटेत ग्रिड सांभाळणाऱ्यांनी लोकांना आवाहन केलं होतं की दुपारी 4 ते रात्री 9 एसी जरा कमी करा, मोठी उपकरणं लावू नका, गाडीही तेवढ्या वेळात चार्ज करू नका. बाकीचे 19 तास मोकळेच होते. 6 सप्टेंबरला मागणी 52 हजार मेगावॅटच्या वर गेली, तोवरचा तिथला रेकॉर्ड, तरी आळीपाळीने लोडशेडिंग करायची वेळ आली नाही.

ट्रान्सफॉर्मरचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्यावर बोलायलाच हवं. पूर्ण ग्रिडला पुरेशी वीज असली तरी एका गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरची क्षमता ठरलेली असते, त्यावरच्या दहा-पंधरा घरांनी संध्याकाळी 7 ला घरी आल्याआल्या चार्जर लावला आणि त्याच वेळी एसी, स्वयंपाक सगळं चालू असलं तर तो तापणारच, रोज तापला की त्याचं इन्सुलेशन लवकर खराब होतं. यावर रात्रीचा स्वस्त दर हा उपाय आहे पण त्यातही एक गोची आहे, सगळ्यांनी 12 चा टायमर लावला की बरोबर रात्री 12 ला मागणीचा नवा उच्चांक तयार होतो. म्हणून सुरू व्हायच्या वेळा मागेपुढे ठेवणारं स्मार्ट चार्जिंग लागतं. बिल्डिंगमधे लोड मॅनेजमेंट बसवलं तर मंजूर लोडमधेच बरेच चार्जर भागतात, एक गाडी भरत आली की तिच्या वाटची पॉवर दुसरीकडे वळते. हायवेवरचे 150 किलोवॅटचे फास्ट चार्जर वेगळे, त्यांना बहुतेक वेळा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आणि हाय टेन्शन, म्हणजे जास्त व्होल्टेजचं, कनेक्शन द्यावं लागतं, त्याचं प्लॅनिंग स्टेशन बांधायच्या आधी झालं पाहिजे.