खुलासा : शिक्षकांना निवडणुकीचं काम नाकारता येतं का?

"आरटीईच्या कलम २७ नुसार शिक्षकांना कोणतंही अशैक्षणिक काम देता येत नाही, निवडणुकीचा आदेश आला तर सरळ परत करा," असा मेसेज नाशिकमधल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतोय. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा अंगाशी येणारा आहे. आरटीई म्हणजे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या याच कलमात तीन अपवाद दिलेत : दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसदेच्या निवडणुका. मेसेज बनवणाऱ्याने नेमकी हीच ओळ गाळलीय. लोकसभा-विधानसभेची ड्युटी सबळ कारणाशिवाय टाळणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४ खाली गुन्हा ठरतो.

शिक्षकांनी मागायचं ते वेगळंच. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितलंय, की मतदारयाद्यांचं नि निवडणुकीचं काम शिक्षकांना सुटीच्या दिवशी द्यावं, शाळेच्या वेळात शक्यतो नको. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना ते केव्हाही देता येतं. पेठ-सुरगाण्याकडच्या द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी यादी घेऊन पाड्यांवर गेले, की दुसऱ्यांच्या गळ्यात सगळे वर्ग पडतात. मुख्याध्यापकांनी शाळेचं वेळापत्रक जोडून ही अडचण तहसील कार्यालयाला लेखी कळवावी.

आणि नाशिकच्या २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या ड्युटीचं विचाराल, तर अपवादांच्या यादीत मेळ्याचं नाव नाही.