आधी कागद उडवा, विमानाचं मग बघू

विमानाचा सुटा भाग उत्तम पोलादातून आणि चांगल्या यंत्रावर घडतो, असा तुमचा समज असेल तर तुम्ही या धंद्यात नवे आहात. भाग घडतो कागदावर. कागद म्हणजे पार्ट विमानात वापरण्याजोगा असल्याचं सर्टिफिकेट. अमेरिकेत त्याला फॉर्म ८१३०-३ म्हणतात, युरोपात फॉर्म वन. रकाने दोन्हीकडे जवळपास तेच, चौदा. कागद सोबत नसेल तर चकचकीत फ्युएल पंपसुद्धा भंगार, आणि असेल तर... म्हणून तर तो भरायची कला शिकायची.

सुरुवात पार्ट नंबरापासून. पार्टवर बारीक अक्षरांची पाटी असते, ती वाचायला भिंग घ्यावं लागतं, मान वाकवावी लागते. कशाला? मागच्या महिन्याचा फॉर्म कॉम्प्युटरवर आहेच, त्यात नंबर बसवा. शून्याच्या जागी ओ पडला, आठाच्या जागी बी पडला, तर वाचणाऱ्यालाही थोडं काम मिळतं. शेवटचा डॅश आणि त्यापुढचा आकडा तर नक्कीच गाळा. डॅश एक आणि डॅश तीन हे दोन वेगळे पार्ट असतात, एक बसतो आणि दुसरा बसत नाही, हे तपशील मेकॅनिकला शिडीवर चढल्यावर कळतीलच.

अकराव्या रकान्यात पार्टची अवस्था एका शब्दात लिहायची असते. ‘ओव्हरहॉल्ड’ हा शब्द दिसायला भारदस्त आहे, तोच वापरा. नियमाप्रमाणे त्याचा अर्थ पार्ट पूर्ण उघडला, साफ केला, तपासला, गरज होती तिथे दुरुस्त केला, पुन्हा जोडला आणि मंजूर मानकांनुसार त्याची चाचणी घेतली. तुम्ही तो फडक्याने पुसला असेल. साफ करणं झालंच की, बाकीचं ओघाने आलं.

आता बारावा रकाना. रिमार्क्स. फॉर्मवर सगळ्यात मोठी जागा याच रकान्याला दिली आहे, आणि माझ्या मते हा आखणी करणाऱ्याचा भाबडेपणा आहे. त्याला वाटलं, लोक इथे कोणत्या मॅन्युअलच्या कितव्या सुधारित आवृत्तीप्रमाणे काम केलं ते लिहितील. कोणते एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे विमान-सुरक्षा खात्याचे सक्तीचे आदेश, पाळले ते लिहितील. रबरी सील असेल तर त्याची मुदत, आयुष्य ठरलेला पार्ट असेल तर त्याचे किती तास आणि किती सायकल्स (एक उड्डाण आणि उतरणं मिळून एक) खर्ची पडले ते लिहितील. तुम्ही लिहा: ‘मॅन्युअलप्रमाणे काम केले.’ कोणतं मॅन्युअल, हे विचारणारा माणूस मुळातच खवचट असतो. उरलेल्या जागेत चहाच्या कपाचा गोल उमटला तर शिक्क्यासारखा दिसतो.

त्याखाली डावीकडे तेरा, उजवीकडे चौदा. डावी बाजू नवा माल बनवणाऱ्याची, उजवी देखभाल करणाऱ्याची. जी आपली नाही ती काळी करून किंवा रेघा मारून बंद करायची असते, म्हणजे मागाहून तिथे कोणी हात मारू नये. तुम्ही ती कोरी ठेवा. पुढच्याची सोय बघणं हा माणुसकीचा भाग आहे. तारखेत महिना अक्षरांत लिहायचा असतो, पण ०३/०४ लिहिलंत तर एका देशात मार्च आणि दुसऱ्यात एप्रिल. मुदत एका फटक्यात महिनाभर पुढे.

सह्यांचं म्हणाल तर सही करणारा साहेब सुट्टीवर जाण्याआधी वीस कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवा. काही जणांना तर साहेबाचीही गरज लागत नाही. २०२३ साली लंडनच्या एका व्यापारी कंपनीने सीएफएम ५६ या जेट इंजिनांचे पार्ट खोट्या सर्टिफिकेटांवर विकल्याचं उघडकीला आलं आणि कित्येक विमान कंपन्यांना इंजिनं उघडून पार्ट शोधत बसावं लागलं. बिंग कसं फुटलं? देखभाल करणाऱ्या कोणाला कागदावर नवा असलेला पार्ट हातात घेतल्यावर जुना वाटला, आणि त्याने थेट उत्पादकाला विचारलं. अशी पार्ट हातात घेऊन बघणारी माणसं तुमच्या गिऱ्हाइकाकडे नाहीत ना, एवढी चौकशी आधी करून ठेवा.

जेवणाच्या सुट्टीत कोणी १९८९ साली ओस्लोहून हॅम्बुर्गला निघालेल्या कॉन्व्हेयर विमानाचा विषय काढेलच. उभी शेपटी धडाला धरून ठेवणाऱ्या बोल्टांमध्ये आणि पिनांमध्ये निकृष्ट, बनावट माल निघाला होता. विमान समुद्रात पडलं, ५५ माणसं गेली, एकही वाचलं नाही. तुम्ही डबा बंद करा आणि हात धुवायला उठा.

आणि हो, फॉर्मवर छापलेलं असतं की या सर्टिफिकेटमुळे पार्ट बसवायची परवानगी आपोआप मिळत नाही, ती जबाबदारी बसवणाऱ्याची. फॉर्ममधली सगळ्यात आवडती ओळ हीच ठेवा. रात्री दोनला फोन येईल, विमान जमिनीवर अडकलंय, पार्ट स्टोअरच्या क्वारंटाईनच्या, म्हणजे शंकास्पद माल बाजूला ठेवायच्या, कपाटात पडून आहे, पलीकडचा विचारेल, ‘सिरियल नंबरात शेवटी आठ आहे की बी?’ त्याला विचारा, ‘तुम्हाला काय दिसतंय?’ तो जे म्हणेल त्याला हो म्हणा.