गरोदरपणातली खाज म्हणजे ‘उष्णता’ नव्हे

‘पोटुशीपणात प्रतिकारशक्ती शून्य होते, म्हणून कातडीचे आजार उफाळतात. खाज सुटली तर ती उष्णता. मलम लावू नका, बाळाला बाधतं. बाळंत झालं की सगळं आपोआप जातं.’ मराठवाड्यातल्या गावोगावच्या ग्रुपवर फिरणाऱ्या या मजकुरात चार दावे आहेत. चारही चुकीचे, आणि दुसरा तर जिवावर बेतणारा.

प्रतिकारशक्ती शून्य होत नाही, तिचा कल बदलतो. पोटातलं बाळ निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या पेशींना परकं. त्याच्यावर हल्ला होऊ नये म्हणून प्रतिकार करणाऱ्या पेशींची थेट मारामारी मंदावते आणि प्रतिपिंडांची (परक्या गोष्टींना चिकटणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांची) बाजू वर येते. म्हणूनच पेशींच्या हल्ल्यावर चालणारा सोरायसिस (खवले धरणारे लाल चट्टे) साधारण निम्म्या बायकांत या काळात कमी होतो, तर एक्झिमा (कोरडी, खाजरी, लालसर कातडी) पुष्कळदा वाढतो. शक्ती खरोखर संपली असती, तर सोरायसिस असा का निवला असता?

आता उष्णता. एप्रिल-मेमध्ये घामोळ्या येतातच, पण त्या बारीक पुरळ होऊन डोळ्यांना दिसतात. सातव्या महिन्यानंतर अंगावर पुरळ नाही, फक्त नखांचे ओरखडे, तळहात-तळपायांना खाज आणि रात्री ती असह्य, असं असेल तर यकृतातलं पित्त तुंबल्याची शंका घ्यावी. सब्जा-ताकाने हे निवत नाही. रक्तातलं बाईल अ‍ॅसिड (पित्तातलं आम्ल) आणि लिव्हरची तपासणी करावी लागते. पहिला रिपोर्ट चांगला आला आणि खाज थांबली नाही, तर तपासणी पुन्हा करावी. कधीकधी खाज आधी सुटते, आकडा मागाहून चढतो. बाईल अ‍ॅसिड लिटरमागे 100 मायक्रोमोलच्या वर गेलं, तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो आणि 36 व्या आठवड्याच्या आसपास प्रसूती करण्याचा विचार होतो.

पुरळ असेल तर आधी बेंबी पाहावी. पोटावरच्या ताणाच्या रेघांत लाल गांध्या आणि बेंबीभोवतीची जागा मोकळी, हे बहुधा पहिलटकरणीला होतं. त्रास खूप, पण बाळाला धोका नाही. उलट बेंबीजवळून सुरू होऊन पुढे टपोरे फोड आले, तर तो प्रतिपिंडांचा आजार असू शकतो. त्यात बाळ दिवसांआधी किंवा कमी वजनाचं जन्मू शकतं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिथे हे दाखवता येतं. फोड दिसले किंवा तळव्यांना खाज सुटली, तर मात्र 9 तारखेची वाट बघू नये.

मलमाचं म्हणाल तर सरसकट बंदी चुकीची. सौम्य स्टेरॉइड मलम डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालतं. ट्यूबमधून बोटाच्या शेवटच्या पेरावर ओढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. कमी वजनाच्या बाळाशी संबंध दिसला आहे तो तीव्र स्टेरॉइडचा, तेही पूर्ण गरोदरपणात 300 ग्रॅमच्या पुढे गेल्यावर. खरा घोळ गजकर्णाचा. ऊसतोडीत दिवसभर घामाने भिजलेली साडी, परकराच्या नाडीखाली गोल चट्टा, आणि मेडिकलवरून आणलेली ‘सगळ्यावर एक’ ट्यूब. तिच्यातल्या स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत जाते. त्यापेक्षा क्लोट्रिमाझोल हे बुरशीचं साधं मलम दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटर जाईल असं लावावं आणि चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवावं. घरात उरलेल्या गजकर्णाच्या गोळ्या घेऊ नयेत. सोरायसिसच्या मेथोट्रेक्सेट, अ‍ॅसिट्रेटिनला तर हातही लावू नये.

राहिलं ‘बाळंतपणानंतर आपोआप’. प्रतिकारशक्तीचा कल पुन्हा फिरतो, तेव्हा निवलेला सोरायसिस बऱ्याच जणींत पहिल्या सहा आठवड्यांत उसळतो. कुष्ठरोगातही हेच दिसतं: बाळंतपणानंतर जुने चट्टे अचानक लाल होऊन सुजतात, नस (मज्जातंतू) दुखते. एमडीटीच्या (कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांच्या) गोळ्या गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही चालू ठेवायच्या असतात. बाळंतिणीच्या हाताची पकड ढिली झाली, पायातली चप्पल आपोआप निसटू लागली, तर सव्वा महिना संपायची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नसेवरच्या सुजेला वेळेत औषध मिळालं नाही, तर बोटं कायमची वाकडी होऊ शकतात.