आत्याची पाटली आणि सोन्याचं औषध

परवा आत्याने सराफ्यात पाटली मोडली. मला कळेपर्यंत पैसे देऊन झाले होते आणि 'कर्करोग मुळापासून जाईल' असं सांगून विकलेली सुवर्णभस्माची डबी रामबागेतल्या तिच्या देवघरात येऊन बसली होती. अंडाशयाच्या कर्करोगावर तिची प्लॅटिनमची केमो चालू आहे. उलट्यांनी पार गळून गेलीय. मला म्हणाली, "अगं, सोन्याला कधी गंज चढतो का? मग तेच पोटात गेलं तर शरीर कसं नासेल?"

तिच्यावर रागवावं असं वाटलंच नाही. राग आला तो विकणाऱ्याचा. आणि इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवून घरच्या माणसाला हे आधी सांगितलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

सोनं गंजत नाही, कारण ते सहजासहजी कुणाशी जुळत नाही. औषधाला मात्र पेशीतलं काहीतरी धरावं लागतं. म्हणून संशोधक धातूचं सोनं नाही, सोन्याची संयुगं तपासतात. ऑरानोफिन हे त्यातलं सर्वांत परिचित. अमेरिकेत 1985 साली ते संधिवातासाठी मंजूर झालं. त्यात सोन्याचा अणू एका बाजूने गंधकाला आणि दुसऱ्या बाजूने फॉस्फरसला बांधलेला असतो. शरीरात गंधकाकडची गाठ सुटते आणि सोनं नवा जोडीदार शोधतं. त्याची खरी ओढ सेलेनियमकडे. थायोरेडॉक्सिन रिडक्टेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) नेमक्या कामाच्या जागी सेलेनियम असतं, सोनं तिथेच जाऊन बसतं आणि विकर बंद पडतं. हे विकर पेशीतल्या ऑक्सिजनच्या घातक रूपांना आवर घालणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. कर्करोगाच्या पेशींची भिस्त त्यावर अनेकदा जास्त असते. आवर सुटला की पेशीची ऊर्जाकेंद्रं कोलमडतात आणि पेशी मरते.

आत्याच्या केमोतलं प्लॅटिनम मुख्यतः डीएनएला जाऊन चिकटतं. सोन्याचा घाव दुसरीकडे पडतो, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमच्या औषधाला दाद न देणाऱ्या अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत ऑरानोफिनने मेल्या आहेत. पण काचेच्या बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. हे विकर निरोगी पेशींनाही लागतं, म्हणून मात्रेचा प्रश्न अवघड आहे. माणसांवर चाचण्या झाल्या आहेत, तरीही कर्करोगासाठी सोन्याचं एकही औषध अजून मंजूर झालेलं नाही.

म्हणूनच 'सोनं-बिनं सगळं थोतांड' असं म्हणून आजारी माणसाला गप्प करणं मला पटत नाही. कुणीतरी पेपरातलं कात्रण दाखवतं, त्यात सोन्याचं नाव खरंच असतं, आणि आपण झिडकारलं की ते माणूस डबी लपवून ठेवतं. शेजारी बसून सांगावं लागतं. आत्याला मी कागदावर तो अणू काढून दाखवला, गंधक, फॉस्फरस सगळं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या डबीतलं सोनं हे नव्हे?"

नव्हे, आत्या.

मंगळवारी केमोला जाताना डबी सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवणार आहोत. इंदुरात कुणाच्या घरी अशी डबी असेल तर तुम्हीही दाखवा. समजावून सांगायला कुणी हवं असेल तर मला कळवा, मी घरी येईन.