तिऱ्हाइताचा पाहुणचार

पुण्या-मिरजेहून एमबीबीएस होऊन तुम्ही अमेरिकेत आलात, रेसिडेन्सीच्या रात्रपाळ्या काढल्यात, ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पांढरे करून घेतलेत आणि आता एकदाचे स्वतःच्या नावाचा फलक लावायला मोकळे झालात, याबद्दल अभिनंदन. यापुढे फक्त रुग्ण तपासायचे आहेत असा समज असेल, तर तो मात्र वेळीच सोडून द्यावा. विमा कंपनीची मर्जी सांभाळणे आणि डॉक्टरांच्या संघटनेत बसून त्या मर्जीला व्यावसायिक स्वातंत्र्य असे नाव देणे, ही खरी कामे पुढेच आहेत. ओहायोत पंचवीस वर्षे दोन्ही इमानाने केली असल्यामुळे चार शब्द सांगण्याचा अधिकार मला आहे, असे मी धरून चालतो.

प्रथम संघटनेचा इतिहास पाठ करावा, कारण भाषणात तो लागतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशन 1847 ची. तिने 1934 मध्ये दहा तत्त्वे मंजूर केली आणि त्यांत रुग्ण व डॉक्टर यांच्यामध्ये कोणाही तिऱ्हाइताला येऊ देऊ नये, असे एक तत्त्व घातले. ते मोठ्याने म्हणावे. तिऱ्हाईत म्हणजे सरकार, एवढा अर्थ फक्त मनाशी पक्का ठेवावा. 1937 मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी नोकरांनी दरमहा वर्गणी काढून स्वतःचे पगारी डॉक्टर नेमले, तेव्हा संघटनेने आणि तिच्या स्थानिक शाखेने त्या डॉक्टरांना वाळीत टाकले व इस्पितळांची दारे त्यांना बंद होतील अशी तजवीज केली. सर्वोच्च न्यायालयाने 1943 मध्ये हा व्यापारात अडथळा आणण्याचा गुन्हा ठरवून शिक्षा कायम केली. संघटनेला दंड झाला तो अडीच हजार डॉलरचा, आणि एवढ्या स्वस्तात तत्त्व राखता येत असेल तर कोण सोडील?

पुढे अध्यक्ष ट्रूमन यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याचा आग्रह धरला, तेव्हा प्रत्येक सभासदाकडून पंचवीस डॉलर मागून प्रचाराचे काम एका व्यावसायिक जोडप्याच्या कंपनीला देण्यात आले. आजारी मुलाच्या उशाशी हनुवटीवर हात ठेवून बसलेल्या डॉक्टरचे एक जुने चित्र त्यांनी निवडले आणि ‘राजकारण या चित्राबाहेर ठेवा’ अशा ओळीसह ते दवाखान्यादवाखान्यांत लावले. राजकारण बाहेर ठेवण्यासाठी केवढे राजकारण करावे लागते, हे नवशिक्याने येथे शिकावे. मला स्वतःला 1961 चा प्रकार अधिक भावतो. वृद्धांच्या सरकारी विम्याला विरोध म्हणून डॉक्टरांच्या पत्नी शेजारणींना कॉफीला बोलावीत, रोनाल्ड रेगन नावाच्या नटाच्या भाषणाची तबकडी ग्रामोफोनवर लावीत आणि मग सर्व जणी आपापल्या लोकप्रतिनिधींना पत्रे लिहीत. हे तर आपले हळदीकुंकूच. वाण तेवढे निराळे. तो विमा मेडिकेअर या नावाने 1965 मध्ये आलाच आणि त्याने डॉक्टरांची मिळकतही वाढवली, पण हे व्यासपीठावरून सांगण्याचे कारण नाही.

सगळे वीर असे ओसरीवर काठ्या घेऊन सरकारची वाट पाहत असताना परसदार उघडे होते. 1973 मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी एचएमओंच्या, म्हणजे ठरलेल्या वर्गणीत ठरावीक डॉक्टरांकडून उपचार देणाऱ्या विमा संस्थांच्या, कायद्यावर सही केली आणि त्या दाराने कंपन्या आत येऊन पाटावर बसल्या. नव्वदीच्या दशकात बाळंतिणींना चोवीस तासांत घरी धाडण्यापर्यंत मजल गेली. सव्वा महिना बाळंतिणीला उंबरठा ओलांडू न देणाऱ्या आपल्या आज्यांनी हे ऐकले असते तर त्यांनी कंपनीच्या अध्यक्षाला धुरीच दिली असती. येथे मात्र 1996 मध्ये कायदा करून साध्या बाळंतपणाला 48 आणि सिझेरियनला 96 तासांची हमी द्यावी लागली.

आता शब्दसंग्रह. विम्याच्या हप्त्यांतून उपचारांवर जो भाग खर्च होतो, त्याला या धंद्यात ‘मेडिकल लॉस रेशो’ म्हणतात. 2010 च्या कायद्याने हा भाग किमान 80 टक्के, मोठ्या गटांसाठी 85 टक्के, असावा असे ठरवले आहे. रुग्ण बरा होण्यासाठी गेलेला पैसा हा तोटा असतो, हे एकदा अंगवळणी पडले की पुढचे सारे सोपे जाते.

तुमचा बराचसा दिवस पूर्वमंजुरीत, म्हणजे तपासणी किंवा उपचारांआधी विमा कंपनीची परवानगी मिळवण्यात, जाईल. गेल्या हिवाळ्यात एका ट्रकचालकाच्या कमरेचा एमआरआय कंपनीने नाकारला. आधी सहा आठवडे फिजिओथेरपी करावी, असे फॅक्सवर आले. त्याचे उजवे पाऊल चालताना फरशीवर फटकन आपटत होते, म्हणजे मज्जातंतू दबला होता. कंपनीच्या डॉक्टरशी बोलण्याची सोय असते, तिला ‘पीअर टू पीअर’ म्हणतात. मी गाडीत बसून डब्यातली गार पोळी खात एक्केचाळीस मिनिटे फोनवरचे संगीत ऐकले. पलीकडे आले ते निवृत्त कान-नाक-घसातज्ज्ञ, अत्यंत सौजन्यशील. मी पावलाबद्दल सांगत राहिलो, ते सहा आठवडे म्हणत राहिले. आडनावाची देवाणघेवाण झाल्यावर मात्र त्यांनी आवाज उतरवला आणि अस्सल नागपुरी मराठीत म्हणाले, “डॉक्टर, नोंदीत ‘प्रोग्रेसिव्ह’ शब्द टाका ना, बाकी मी पाहून घेतो.” मी शब्द टाकला. दुपारी मंजुरी आली. तेव्हा शरीरशास्त्रापेक्षा शब्दकोशाकडे लक्ष द्यावे, आणि निदान माणसाशी बोलणे झाले याबद्दल कृतज्ञ असावे. एका बड्या कंपनीचे डॉक्टर दावे नाकारताना प्रत्येकी सरासरी 1.2 सेकंद देत होते, असे शोधपत्रकारांनी 2023 मध्ये छापले होते. एवढ्या वेळात आडनाव कोण सांगणार?

संघटनेत चढायचे असेल तर क्रियापदे जपून वापरावीत. ‘आग्रह धरते’, ‘चिंता व्यक्त करते’, ‘अभ्यास करील’ ही चालतात; ‘थांबवील’ हे चालत नाही. पूर्वमंजुरी सुटसुटीत करण्याचे संयुक्त निवेदन डॉक्टरांच्या आणि विमा कंपन्यांच्या संघटनांनी जानेवारी 2018 मध्ये काढले, आणि जून 2025 मध्ये कंपन्यांनी तसलेच वचन पुन्हा दिले. दोन्ही वेळा टाळ्या वाजवाव्यात. आपला ठराव जेवणाआधी मांडू नये.

मी मांडला होता. नाकारणारा डॉक्टर निदान त्याच विषयाचा असावा, एवढेच त्यात होते. तो एकमताने अभ्यास समितीकडे गेला. समितीच्या अध्यक्षपदासाठी आमचे नागपूरकर उभे होते. विमा क्षेत्राचा त्यांचा प्रत्यक्ष अनुभव परिचयपत्रात पहिल्याच ओळीत होता. मत मी त्यांनाच दिले आणि जेवणाच्या रांगेत त्यांचा थेट फोन नंबरही मागून घेतला.