उरलेल्या केकचे गोळे: ओलावा कमी, दाब जास्त

नाताळ आणि थर्टीफर्स्टच्या मधल्या आठवड्यात नाशिकमधल्या बऱ्याच घरांत फ्रीजमध्ये अर्धामुर्धा केक पडून असतो. कुणाकडे प्लम केकची शेवटची वडी, कुणाकडे वाढदिवसाच्या पायनॅपलचा कोपरा, घरून ऑर्डरी घेणाऱ्यांकडे तर केक सपाट करताना कापलेल्या टोप्यांचा डबाच भरलेला. मग कुणीतरी सुचवतं, चुरा करून त्यात कंडेन्स्ड मिल्क ओता, गोळे वळा, चॉकलेटमध्ये बुडवा. लोक तसं करतात आणि हाती येतो एक चिकट, कच्च्या पिठासारखा लागणारा, गोडमिट्ट गोळा. पाहुणे अर्धा खाऊन बशीत ठेवतात आणि दोष केकला लागतो.

माझं स्पष्ट मत आहे की नव्वद टक्के बिघाड एकाच ठिकाणी होतो: ओलं सारण, म्हणजे चुरा बांधायला घातलेलं क्रीम, चॉकलेट किंवा कंडेन्स्ड मिल्क, जास्त पडतं. ज्यांना रव्याचे किंवा बेसनाचे लाडू जमतात त्यांना हा पदार्थ आधीच येतो, फक्त ते इथे ती अक्कल वापरत नाहीत. लाडू वळताना आपण दूध चमच्याचमच्याने शिंपडतो, मूठ दाबून बघतो, मग पुढचा थेंब. केकच्या चुऱ्याला तेच लागू आहे. गोळा धरून ठेवायचं काम आधी हाताच्या दाबाचं, मग ओलाव्याचं.

पण त्याआधी केक निवडायचा. शिळा केक चालतो, किंबहुना एक-दोन दिवसांचा जास्त बरा. ताजा स्पंज चुरताना लगदा होतो. आंबलेला किंवा बुरशी आलेला मात्र चालत नाही. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी अख्खा केक टाकायचा, तेवढाच भाग कापून उपयोग नाही, कारण डोळ्यांना न दिसणारे तंतू मऊ केकमध्ये खोलवर गेलेले असतात. साधा टी-केक, मावा केक, स्पंज हे नाशिकच्या डिसेंबरात घट्ट डब्यात बाहेर तीन-चार दिवस नीट राहतात. क्रीमचा केक कायम फ्रीजमध्ये राहिला असेल तर दोन-तीन दिवसांत वापरा. तोच केक टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त राहिला असेल, तर त्याचे गोळे करून कुणाला वाटू नका. थंडी आहे म्हणून चालेल, हा हिशेब इथे करू नये. दिवे, माणसं आणि बंद खिडक्या असलेल्या हॉलमध्ये थंडी नसते. मेणबत्त्या फुंकलेल्या केकचा वरचा थर काढूनच टाकावा. लगेच करायचं नसेल तर तुकडे दोन पदरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवता येतात. बाहेर काढल्यावर गुंडाळलेले असतानाच वितळू द्या, म्हणजे दव प्लास्टिकवर बसतं, केकवर नाही.

चुरा करताना आधी कडक, काळपट कडा कापून टाका. त्या गोळ्यात खड्यासारख्या दाताखाली येतात. क्रीम खरवडून वेगळ्या वाटीत काढा आणि तिचं वजन करा, कारण पुढे तीच ओलावा म्हणून मोजायची आहे. चुरा हाताने किंवा जाड किसणीवर. मिक्सर वापरायचाच तर फक्त टप्प्याटप्प्याने फिरवा. सलग फिरवला की भांडं तापतं, तूप-लोणी सुटतं आणि रवाळ चुऱ्याऐवजी पेस्ट होते. एकदा रव्याच्या चाळणीतून काढला की गोळ्याचा पृष्ठभाग गुळगुळीत येतो. चुरा हाताला दमट लागला तर पसरट ताटात घालून ओव्हनमध्ये १०० अंशांवर दहा-बारा मिनिटं, नाहीतर मंद आचेवर तव्यावर परतून पूर्ण गार करा. गरम चुऱ्यात सारण घालणं म्हणजे तूप सुटायला आमंत्रण.

आता प्रमाण. ते वाटीने सांगता येत नाही, कारण सैल भरलेली वाटी आणि दाबून भरलेली वाटी यांत मोठा फरक पडतो. वजनकाटा घ्या. २५० ग्रॅम चुरा धरू. साधा किंवा बिनअंड्याचा स्पंज असेल तर ५० ते ६० ग्रॅम गनाश (गरम क्रीममध्ये विरघळवलेलं चॉकलेट) पुरतो. मावा केकमध्ये आधीच तूप भरपूर असतं, तिथे २५-३० ग्रॅम. प्लम केक स्वतःच ओला आणि चिकट. त्याला १ मोठा चमचा संत्र्याचा रस किंवा रम, आणि बरेचदा तेही नको, उलट २०-३० ग्रॅम बिस्किटाचा चुरा घालावा लागतो. ब्राउनीला काहीच नको, नुसती मळा. केकवरचं बटरक्रीम असेल तर ६०-७० ग्रॅम तेच वापरा, गनाश वेगळा करू नका. व्हिपिंग क्रीम असेल तर ४० ग्रॅमच्या वर जाऊ नका. त्यात हवा आणि पाणी जास्त, गोळे मऊ पडतात आणि टिकत नाहीत.

गनाशही घट्टच हवा. बाजारात सहज मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे चॉकलेट आणि क्रीम समसमान घेतलं तर ते पातळ राहतं. ६० ग्रॅम डार्क चॉकलेटला ३० ग्रॅम क्रीम. क्रीमला कडेने बुडबुडे आले की उतरवायचं, उकळायचं नाही, चिरलेल्या चॉकलेटवर ओतून मिनिटभर तसंच ठेवायचं, मग मधून बाहेर ढवळायचं.

वरच्या प्रमाणात मोजलेला गनाशही एकदम घालू नका. आधी दोन तृतीयांश घाला, बोटांच्या टोकांनी चोळा आणि झाकून वीस मिनिटं ठेवा. ही वीस मिनिटंच लोक गाळतात. कोरडा चुरा ओलावा सावकाश पितो; आत्ता भुसभुशीत वाटणारं मिश्रण वीस मिनिटांनी आपोआप बांधलं जातं. घाईने आणखी ओतलं की तिथेच गणित बिघडलं. मग मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर आकार राहिला पाहिजे, अंगठ्याने टोचल्यावर दोन-तीन तुकडे झाले पाहिजेत आणि तळहात जवळपास स्वच्छ राहिला पाहिजे. अंगठा नुसता रुतला तर सारण जास्त झालं, चुरा वाढवा. मूठ उघडताच सांडलं तर एक चमचा अजून. तळहातावर तेलाचा तवंग आला तर मळणं जास्त झालंय. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा सुरुवात करा.

चवीकडे इथेच बघायचं. केक गोड, गनाश गोड, वरचं आवरण गोड, त्यामुळे आत एक चिमूट मीठ आणि काहीतरी आंबट किंवा कडवट हवंच. किसलेली संत्र्याची साल, पाव चमचा कॉफी पूड, भाजलेल्या अक्रोडाचा भरड. बेदाणे घालायचे तर संत्र्याच्या रसात तासभर भिजवून, निथळून, कापडावर कोरडे करून आणि बारीक चिरून. अख्खा बेदाणा १५ ग्रॅमच्या गोळ्यात फार मोठा होतो. व्हॅनिला स्पंजमध्ये १ मोठा चमचा गुलकंद फार छान लागतो, पण मग गनाश १५ ग्रॅमने कमी करा.

ताजी द्राक्षं आणि स्ट्रॉबेरी आत भरायचा मोह नाशिककरांना होणारच. जानेवारीत पिंपळगाव-दिंडोरीकडची द्राक्षं यायला लागतात आणि सुरगाण्याच्या स्ट्रॉबेरीचे छोटे डबे रस्तोरस्ती दिसतात. ती आत भरू नका. साखर फळातलं पाणी ओढून घेते, काही तासांत गोळा आतून ओला होतो, आवरण घाम सोडतं आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. फळं धुऊन, टिपून, तासभर पंख्याखाली वाळवून वेगळीच चॉकलेटमध्ये बुडवा आणि त्याच दिवशी संपवा.

गोळा १५ ग्रॅमचा, म्हणजे साधारण सुपारीएवढा. आवरणासकट तो एका घासात जातो. २५० ग्रॅम चुऱ्याचे वीस-एक गोळे होतात. आधी मुठीत दोन-तीनदा कचकचून दाबा, मग तळहातावर फिरवा. नुसता फिरवला तर आत पोकळी राहते आणि बुडवताना फुटतो. हाताला तूप किंवा पाणी लावू नका. तुपाच्या पृष्ठभागावर चॉकलेट घसरतं आणि पाण्याने ते घट्ट होतं. आठ-दहा गोळ्यांनंतर हात धुवा, पूर्ण पुसा. सगळे वळून झाले की पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा एकदा फिरवा, भेगा बुजतात.

मग अर्धा तास फ्रीजमध्ये. फ्रीझरमध्ये नाही. गोठलेला गोळा कोमट आवरणात बुडवला की आवरण झटकन आवळतं, आणि नंतर आतला गोळा गरम होताना फुगतो. केसासारखी भेग तिथेच पडते आणि तिच्यातून तेल पाझरतं. फ्रीजमधूनही बुडवण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवा. काडी लावायची असेल तर तिचं टोक सेंटीमीटरभर वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून अर्ध्यापर्यंत खोचा आणि ते सुकू द्या. कोरडी काडी खोचली की गोळा सरकून खाली येतो.

आवरणाला कंपाउंड घ्यायचं की खरं चॉकलेट? पाकिटाच्या मागे बघा: वनस्पती तेल असेल तर कंपाउंड, कोको बटर असेल तर चॉकलेट. पहिल्यांदा करणाऱ्यांनी कंपाउंडच घ्यावं, त्यात कमीपणा नाही. २०० ग्रॅम कंपाउंड, निम्म्या पॉवरवर ३०-३० सेकंद मायक्रोवेव्हमध्ये, दरवेळी ढवळत. जाड वाटलं तर खाण्याचं खोबरेल १ चहाचा चमचा. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे इथे डिसेंबरात बाटलीतच थिजलेलं असतं. आधी वितळवा, मग घाला. खरं डार्क चॉकलेट नुसतं वितळवून चालत नाही, ते मऊ आणि पांढुरक्या रेघांचं सुकतं. ते ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ ला उतरवायचं, पुन्हा ३१-३२ ला आणायचं. थर्मामीटर नसेल तर हा मार्ग सोडा.

पाणी हा दोन्हींचा शत्रू. डबल बॉयलरची (उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्याची) वाफ, ओला चमचा, धुऊन न पुसलेलं भांडं, एका थेंबाने सगळं खडबडीत होतं. असं घट्ट झालेलं चॉकलेट आवरणाला परत येत नाही, पण टाकूही नका. गरम क्रीम घालून त्याचा गनाश होतो. रंगही तेलातलेच घ्यावेत. नेहमीचे पाण्यातले किंवा जेल रंग पांढऱ्या कंपाउंडमध्ये टाकले की हेच होतं.

थंडीची आणखी एक अडचण. निफाडला पारा घसरला की शहरातल्या स्वयंपाकघरातही भांड्यातलं चॉकलेट पाच मिनिटांत दाट होतं आणि गोळ्यावर जाड, ओबडधोबड थर बसतो. खिडकी लावा आणि भांडं कोमट पाण्याच्या पसरट पातेल्यात ठेवा, वाफ येणार नाही इतकंच कोमट. काट्यावर गोळा घेऊन बुडवा, काटा भांड्याच्या कडेवर तीन-चारदा आपटा, खालचा भाग कडेला पुसा, मग बटर पेपरवर सोडा. आपटणं टाळलं तर गोळ्याखाली चॉकलेटचा थारोळा जमतो.

नाताळसाठी डार्कमध्ये बुडवून वर थोडं पांढरं ओता, ते ओलं असतानाच लाल-हिरव्या टुटीफ्रुटीचे बारीक कण ठेवा. शरणपूर, नाशिकरोडकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या ताटात करंजी, शंकरपाळी, चकली असतेच. त्या तळणीशेजारी हा गार, मऊ घास छान बसतो. संक्रांतीला मी चॉकलेट पूर्ण वगळायचा आग्रह धरेन: २५० ग्रॅम चुरा, ५० ग्रॅम भाजलेल्या तिळाचा कूट, ३० ग्रॅम मऊ गूळ (चिक्कीचा नव्हे) किसून, १ चमचा कोमट दूध, वेलची. मळताना तिळाचं तेल सुटतं आणि तेच बांधून घेतं. भाजलेल्या तिळात घोळवा, संपलं. चॉकलेटच्या गोळ्यांपेक्षा मला हेच जास्त आवडतात.

गनाशचे गोळे फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, व्हिपिंग क्रीमचे दोन, प्लम केकचे आठवडाभर. खाण्याआधी वीस मिनिटं बाहेर, डब्याचं झाकण लावलेलंच ठेवून, नाहीतर आवरणावर दव धरतं.

वाटणार असाल तर मूळ केकमध्ये अंडं होतं का, हे माहीत करून घ्या. गोळा झाल्यावर ते ओळखता येत नाही आणि आपल्याकडे अंडं न खाणारी घरं भरपूर आहेत. रम घातली असेल तर तीही सांगा. हा पदार्थ शिजत नाही, त्यामुळे ती उडून जात नाही, मुलांचे गोळे वेगळे करा. सुकामेव्याचंही तेच. घरून विकणाऱ्यांनी फक्त स्वतः केलेल्या केकच्या कापलेल्या टोप्याच वापराव्यात, कुणाच्या समारंभातून परत आलेला केक अजिबात नाही, आणि डब्यावर तारीख गोळे वळल्याची नव्हे, केक भाजल्याची लिहावी.